आणि तेव्हा पगार किती होता?

क्रिकेटचा सामना चालू असताना दोन षटकांच्या मधल्या वेळात पडद्यावर दोन चौकटी येतात. डावीकडे आजचा खेळाडू, उजवीकडे वीस-तीस वर्षांपूर्वीचा. दोघांचे हसरे फोटो आणि खाली सामने, धावा, शतकं, सरासरी, स्ट्राइक रेट. ज्याचा आकडा मोठा, त्याच्या आकड्याला सोनेरी रंग. आठ-दहा सेकंदांत चौकटी निघून जातात, पुढचा चेंडू पडतो आणि घराघरात भांडण सुरू होतं.

आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवणं उरकतात. त्यामुळं दिवस-रात्र सामन्याचा दुसरा डाव मला निवांत बसून बघायला मिळतो. पहिला डाव मात्र मी स्वयंपाकघरातून कानानंच बघते. तरीही गेल्या काही वर्षांत माझ्या लक्षात आलंय की समालोचनातला खेळ कमी होत चाललाय आणि आकडे वाढत चाललेत. आकड्यांबद्दल माझी तक्रार नाही. क्रिकेट हा मुळातच हिशेबाचा खेळ आहे, आणि घर चालवणाऱ्या बाईला हिशेबाचं वावडं असून कसं चालेल? माझी तक्रार आहे ती वेगवेगळ्या काळातले दोन आकडे शेजारी शेजारी मांडायच्या पद्धतीबद्दल. दोन्ही आकडे खरे असतात, आणि तरी त्यांच्याकडे बघून आपल्या मनात जे ठसतं ते पुष्कळदा खोटं असतं.

हे कसं होतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको. माझ्या सासूबाई सांगायच्या, त्यांच्या लग्नात सोनं सव्वाशे रुपये तोळ्याच्या आत होतं. हे वाक्य ऐकलं की आपल्यातली कुठलीही बाई पहिला प्रश्न विचारते, "आणि तेव्हा पगार किती होता?" सासऱ्यांचा पगार कळला, घरात खाणारी तोंडं किती होती ते कळलं, की मग सव्वाशे म्हणजे स्वस्त की महाग ते ठरतं. तोपर्यंत सव्वाशे हा नुसता आकडा. बाजारात, सराफाकडे, आहेराच्या वहीत आपण हा प्रश्न न चुकता विचारतो. मग तोच प्रश्न टीव्हीसमोर बसल्यावर का विसरतो? आणि टीव्हीवाले तो विचारायची सोय का ठेवत नाहीत?

सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण घेऊ. १५ नोव्हेंबर २०२३ ला वानखेडेवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात विराट कोहलीनं न्यूझीलंडविरुद्ध आपलं पन्नासावं एकदिवसीय शतक केलं आणि सचिन तेंडुलकरचा ४९ शतकांचा विक्रम मोडला. सचिन स्वतः तिथं हजर होता, विराटनं त्याला वाकून अभिवादन केलं. बघणाऱ्यांचे डोळे भरून यावेत असाच तो क्षण. पण लगेच चौकटी आल्या. ४९ शतकांना ४५२ डाव, ५० शतकांना २७९ डाव. आमच्या घरात भाच्यानं टाळी वाजवली आणि म्हणाला, "मामी, संपला विषय!" आमचे हे उठून गॅलरीत गेले.

विषय संपला नव्हता, खरं तर तो तिथून सुरू व्हायला हवा होता. सचिननं १९८९ मध्ये सुरुवात केली तेव्हा तो मधल्या फळीत खेळायचा. सलामीला तो मार्च १९९४ मध्ये ऑकलंडला आला, आणि पहिलं शतक त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कोलंबोला झालं. तोवर त्याचे पंचाहत्तरहून जास्त सामने होऊन गेले होते. पाचव्या नंबरवर येणाऱ्याला उरलेल्या षटकांत शतकाएवढे चेंडूच मिळत नाहीत, हे आपल्यालाही कळतं. म्हणजे ४५२ डावांत कितीतरी डाव असे, की ज्यांत शतकाची वाटच जवळजवळ बंद होती.

दुसरी गोष्ट नियमांची. ऑक्टोबर २०११ पासून एकदिवसीय सामन्यात दोन्ही टोकांकडून वेगवेगळा नवा चेंडू वापरायला लागले. म्हणजे २०२५ च्या मध्यापर्यंत कुठलाच चेंडू पंचवीस षटकांपेक्षा जुना होत नव्हता. जुना झालेला, मऊ पडलेला चेंडू उशिरा उलटा वळवण्याची जी कला वकार-वसीमसारख्यांकडे होती, तिला त्या काळात एकदिवसीय सामन्यात जागाच उरली नव्हती. २०१२ च्या अखेरीस आणखी एक बदल झाला. पॉवरप्ले नसताना वर्तुळाबाहेर पाचाऐवजी चारच क्षेत्ररक्षक. २०१५ मध्ये शेवटच्या दहा षटकांपुरती ही अट सैल केली, पण मधल्या षटकांत चौकार मारायला मोकळी जागा राहिलीच. सचिनची बहुतेक कारकीर्द या बदलांच्या आधीची, विराटची बहुतेक कारकीर्द नंतरची.

यावर "म्हणजे सचिनच मोठा" असं म्हणून गॅलरीतून परत येणाऱ्यांनाही मला एक सांगायचंय. १९९८ या एका वर्षात सचिननं नऊ एकदिवसीय शतकं केली. हा आकडाही चौकटीत येतो, आणि मग आजचे सगळे फलंदाज खुजे दिसतात. पण त्या वर्षी त्याला ३४ एकदिवसीय सामने मिळाले होते. हल्ली टी-ट्वेंटीच्या गर्दीत एकदिवसीय सामनेच कमी झालेत, तेव्हा आजच्या फलंदाजानं एका वर्षात नऊ शतकं करायची कशी? शिवाय आजच्या प्रत्येक फलंदाजाचा प्रत्येक डाव समोरच्या संघाच्या संगणकात साठवलेला असतो. कुठल्या चेंडूवर तो चाचपडतो हे गोलंदाजाला आदल्या रात्रीच ठाऊक असतं. तेव्हा नवी पिढी आयतं खाते असं म्हणणंही तितकंच उथळ. दोघांपैकी मोठा कोण, याचा निवाडा मी करत नाही. एवढंच म्हणते, की ४५२ आणि २७९ या दोन आकड्यांनी तो होत नाही.

या चौकटींची कारागिरी जरा जवळून बघण्यासारखी आहे. "पहिल्या शंभर डावांनंतर", "वयाच्या पंचविशीपर्यंत", "पाठलाग करताना", "२०१५ नंतर". रेघ कुठं मारायची हे चौकट करणारा ठरवतो. आज ज्याचा खेळ चालू आहे, ज्याच्या जाहिराती मधल्या वेळात लागणार आहेत, तो वर दिसेल अशा ठिकाणी रेघ मारली तर आपल्याला कळणारसुद्धा नाही. साडीच्या दुकानात कसं, दुकानदार आपल्याला जी खपवायची आहे ती साडी मुद्दाम एका फिक्या साडीशेजारी उलगडतो. साडी वाईट असते असं नव्हे, पण शेजार त्यानं निवडलेला असतो. आणि गंमत म्हणजे जो आकडा जुन्या काळात नोंदवलाच जात नव्हता, त्याची जागा रिकामी न दाखवता तो रकानाच गाळतात. जुन्या कित्येक डावांत फलंदाजानं किती चेंडू खेळले याची नोंद मिळत नाही. मग "सर्वांत जलद"ची यादी केली की ती माणसं त्यात नसतातच. "आजवरचा सर्वांत जलद" या शब्दांचा खरा अर्थ "आम्ही मोजायला लागल्यापासूनचा सर्वांत जलद" असा होतो.

माझं माहेर सांगलीचं, म्हणून विजय हजाऱ्यांबद्दल जरा जास्त लिहिते, वाचकांनी चालवून घ्यावं. हजारे १९१५ मध्ये सांगलीत जन्मले आणि बडोद्याकडून खेळले. आजच्या मुलांना त्यांचं नाव फक्त एका करंडकापुरतं माहीत आहे. त्यांचे कसोटी सामने ३०, धावा २१९२, शतकं ७. आजच्या यादीत हे आकडे टाकले तर नाव खूप खाली जातं. पण ते पहिली कसोटी खेळले १९४६ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. का? तर १९३६ ते १९४६ भारताचा एकही कसोटी सामना झाला नाही. मधे महायुद्ध होतं. फलंदाजाची ऐन उमेदीची वर्षं ज्याला आपण म्हणतो, ती त्यांच्या बाबतीत जगानंच काढून घेतली. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडला लिंडवॉल आणि मिलर यांच्या गोलंदाजीसमोर त्यांनी एकाच कसोटीत दोन शतकं केली, ११६ आणि १४५. दुसऱ्या डावात भारताच्या सगळ्या मिळून धावा २७७, त्यांतल्या १४५ एकट्या हजाऱ्यांच्या. डोक्यावर हेल्मेट नाही, आणि सामना आपण डावानं हरलो. सात शतकं या आकड्यात हे काहीच दिसत नाही.

त्याच हजाऱ्यांनी गुल महंमदबरोबर रणजी करंडकाच्या १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात, बडोद्यात, होळकर संघाविरुद्ध ५७७ धावांची भागी केली. इंदूर आणि बडोदा ही आपल्या मराठी घरांची दोन जुनी गावं, आणि त्यांच्या झुंजीत झालेला हा जागतिक विक्रम २००६ पर्यंत टिकला. मग कोलंबोत श्रीलंकेच्या संगकारा आणि जयवर्धने यांनी कसोटीत ६२४ ची भागी केली. यादीत ६२४ वर, ५७७ खाली. ठीकच आहे, बेरीज ती बेरीज. पण एक झाला देशातल्या दोन संघांमध्ये, दुसरा दोन देशांमध्ये, आणि दोन्हींमध्ये जवळजवळ साठ वर्षांचं अंतर. एवढी माहिती यादीत एका ओळीत मावली असती. ती न देण्यामागं जागेची अडचण हे कारण मला पटत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. पुरुषांच्या बाबतीत या चौकटींनी फार तर जेवणाच्या वेळी वाद होतात. सचिनला काय, हजाऱ्यांना काय, त्यांची जागा कुणी काढून घेऊ शकत नाही. बायकांच्या क्रिकेटमध्ये मात्र याच चौकटी एक पिढीच्या पिढी पुसून टाकतात, आणि तिची आठवण ठेवणारंही फारसं कुणी नाही.

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारतीय मुलींनी विश्वचषक जिंकला. त्या रात्री घरोघरी बायका जागल्या. त्या स्पर्धेत स्मृती मंधानानं ४३४ धावा केल्या, आणि २०१७ च्या विश्वचषकातला मिताली राजचा ४०९ धावांचा भारतीय विक्रम मागं पडला. ही तुलना बऱ्यापैकी सरळ आहे. दोन्ही वेळी स्पर्धेत आठ संघ, दोघींनाही नऊ-नऊ सामने. पण "विश्वचषकात भारताकडून सर्वाधिक" असं म्हटलं की त्या यादीत १९७८ सुद्धा आपोआप येतो. भारत पहिल्यांदा विश्वचषक खेळला तो १९७८ मध्ये, आपल्याच देशात, डायना एडुलजीच्या नेतृत्वाखाली. संघ होते चारच. प्रत्येकाला तीन सामने. तीन सामन्यांत ४३४ धावा करायच्या तर दर डावात जवळजवळ १४५ धावा हव्यात! पुढच्याच, १९८२ च्या, न्यूझीलंडमधल्या स्पर्धेत उलटं. पाच संघ, पण प्रत्येक जण प्रत्येकाशी तीनदा खेळला, म्हणजे अंतिम सामन्याआधी बारा-बारा सामने, आणि तेही साठ षटकांचे. आणि १९८८ च्या विश्वचषकाला भारताचा संघ गेलाच नाही. तीन, बारा, शून्य आणि नऊ. हे एकाच फूटपट्टीवर कसं मोजायचं?

एडुलजीचीच गोष्ट घ्या. १९७८ ते १९९३ या पंधरा वर्षांत तिला एकदिवसीय सामने मिळाले ३४. त्यांत बळी ४६. झुलन गोस्वामीला २००२ ते २०२२ या वीस वर्षांत मिळाले २०४ सामने, बळी २५५. चौकटीत ४६ आणि २५५ शेजारी ठेवले तर आजची मुलगी म्हणेल, ही एडुलजी कोण बाई? पण दर सामन्यामागं भागाकार करून बघा. एडुलजीचे १.३५, झुलनचे १.२५. आता यावरून एडुलजी झुलनपेक्षा सरस होती असं म्हणायला गेलं तर तीही लबाडीच. झुलन वेगवान गोलंदाज, एडुलजी फिरकी. झुलनच्या काळातल्या फलंदाज जोरदार फटके मारायला लागल्या होत्या. मी भागाकार केला तो एवढ्यासाठीच, की २५५ आणि ४६ यांतलं सगळं अंतर कौशल्याचं नाही, त्यातलं पुष्कळसं संधीचं आहे.

संधी कशी होती? भारतीय बायकांनी पहिली कसोटी खेळली १९७६ मध्ये, बंगळूरला, वेस्ट इंडिजविरुद्ध. कप्तान शांता रंगास्वामी. त्याच मालिकेत पाटण्याला आपण पहिला विजय मिळवला. या मुली आगगाडीच्या अनारक्षित डब्यातून प्रवास करायच्या, सामान स्वतः वाहायच्या, मिळेल त्या वसतिगृहात झोपायच्या. त्या पिढीतल्या खेळाडूंनी हे मुलाखतींतून कितीदा तरी सांगितलंय. महिला क्रिकेट क्रिकेट मंडळाच्या छत्राखाली आलं ते २००६ मध्ये. खेळाडूंना वार्षिक करार मिळाले २०१५ मध्ये, आणि सामन्याचं मानधन पुरुषांइतकं झालं २०२२ मध्ये. पुढच्या वर्षी सांगलीजवळच्या माधवनगरात वाढलेल्या आपल्या स्मृतीला लिलावात ३ कोटी ४० लाखांची बोली लागली. मला त्याचा केवढा आनंद झाला म्हणून सांगू! पण या पायऱ्या लक्षात घेतल्याशिवाय तिच्या शेजारी १९७६ ची मुलगी उभी करणं म्हणजे सव्वाशे रुपये तोळा सांगायचं आणि पगार लपवायचा.

इंदूरच्या वाचकांना संध्या अगरवाल हे नाव माहीत असेल, निदान असायला हवं. १९८६ मध्ये इंग्लंडमधल्या वूस्टरला तिनं कसोटीत १९० धावा केल्या. त्या वेळी महिला कसोटीतला तो जागतिक विक्रम होता. अशी खेळी केलेल्या मुलीला त्यानंतर काय मिळावं? तर साडेचार वर्षं एकही कसोटी नाही. भारताच्या मुलींची पुढची कसोटी थेट १९९१ मध्ये, ऑस्ट्रेलियात. संध्यानं एकंदर १३ कसोटींत ११०० हून जास्त धावा केल्या, सरासरी पन्नासच्या वर. पण एकदिवसीय धावांची यादी लागली की तिचं नाव कुठं दिसत नाही. तिथं तिचे २१ सामने, आणि मिताली राजचे २३२. शिवाय तिची ख्याती होती खेळपट्टीवर तासन्‌तास पाय रोवून उभं राहण्याची. स्ट्राइक रेटच्या रकान्यात ती मुळातच हरणार. ज्या गोष्टीसाठी तिला संघात घेतलं, ती गोष्ट आजच्या रकान्यात दोष म्हणून छापली जाते.

पुण्याच्या शुभांगी कुलकर्णीचे १९ कसोटींत ६० बळी आहेत. झुलनला वीस वर्षांत कसोटी मिळाल्या १२. मितालीलाही तेवीस वर्षांत बाराच. म्हणजे बघा, जुन्या पिढीला एकदिवसीय सामने मिळाले नाहीत आणि नव्या पिढीला कसोट्या मिळाल्या नाहीत. उपासमार दोघींची झाली, फक्त ताट वेगळं. "कसोटीत सर्वाधिक बळी" ही यादी लागली तर झुलन खाली दिसेल, आणि तिच्यावरही तोच अन्याय होईल.

कुणी म्हणेल, मग तुलना करायचीच नाही का? करायची की. तुलना हा माणसाचा स्वभाव आहे, आणि खेळ बघण्यातली निम्मी मजा तीच आहे. पण तुलना करायची एक रीत आहे. आधी प्रत्येकाला त्याच्या काळातल्यांबरोबर उभं करायचं. डॉन ब्रॅडमनची कसोटी सरासरी ९९.९४. हा आकडा आजही थक्क करतो, कारण त्याच्या काळातले दुसरे उत्तम फलंदाज साठच्या आसपास किंवा त्याखाली आहेत. तो आपल्या सोबत्यांच्या किती पुढं होता हे कळलं, की खेळपट्ट्या कशा होत्या, षटकं सहा चेंडूंची की आठ, हा गोंधळ बराच निवतो, कारण त्या अडचणी सगळ्यांना सारख्याच होत्या. संध्या अगरवालचे १९० याच रीतीनं वाचले तर त्या दिवसापर्यंत जगातल्या कुठल्याही बाईनं कसोटीत तेवढ्या धावा केल्या नव्हत्या. एवढी एक ओळ पुरे.

आणि काळाची सबब सगळीकडे चालत नाही हेही कबूल करायला हवं. १९७५ च्या विश्वचषकात लॉर्ड्सवर इंग्लंडनं ६० षटकांत ३३४ धावा केल्या, आणि उत्तरादाखल सुनील गावसकरनं १७४ चेंडूंत नाबाद ३६ केल्या. "तेव्हा असंच खेळायचे" असं म्हणून तो डाव झाकता येत नाही, कारण त्याच दिवशी, त्याच मैदानावर समोरचा संघ निराळं खेळून दाखवत होता. काळाबरोबर ठेवून बघितलं की मोठेपणाही दिसतो आणि चूकही दिसते. आपल्याकडे प्रवचनात "अमुक अपेक्षेनं" असं म्हणायची पद्धत आहे. कुठल्या अपेक्षेनं हे सांगितल्याशिवाय विधान पुरं होत नाही. आकड्यांनाही तोच नियम लावला तर काय बिघडेल?

याच्याच जवळची आणखी एक खोड सांगते. सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध स्मृतीनं ५० चेंडूंत शतक केलं. लगेच सांगितलं गेलं, की विराटचं २०१३ चं ५२ चेंडूंचं शतक मागं पडलं, भारतीयांतलं सर्वांत जलद शतक आता तिचं. कौतुकाच्या भरात हे झालं, मान्य. पण बायकांच्या क्रिकेटमध्ये चेंडू वजनाला हलका असतो, सीमारेषा आत असते, समोरच्या गोलंदाजांचा वेग निराळा असतो, आणि बॅट फिरवणाऱ्या हातांची ताकदही निराळी असते. दोन वेगळे खेळ आहेत ते. ऑस्ट्रेलियानं आधी ४१२ धावांचा डोंगर उभा केला होता, त्यासमोर ही मुलगी डगमगली नाही, हे सांगितलं असतं तर पुरेसं नव्हतं का? एखाद्या मुलीचं काम मोठं आहे हे पटवायला शेजारी पुरुषाचा फोटो लागतोच, ही सवय आपल्याला फार जुनी आहे. मुलगी हुशार निघाली की "अगदी मुलासारखी आहे हो" म्हणतात, तसंच हे.

मी हे सगळं एवढ्या तळमळीनं का लिहिते, तर या चौकटी टीव्हीतून उतरून आपल्या घरात आधीपासूनच बसलेल्या आहेत. "आमच्या वेळी वीस माणसांच्या भाकऱ्या चुलीवर व्हायच्या, आता चौघांच्या पोळ्यांना बाई लागते." ही झाली एक चौकट. "आई, तू आयुष्यात काय कमावलंस? मी पहिल्याच महिन्यात एवढे आणले." ही दुसरी. पहिल्या चौकटीत सुनेचा नोकरीचा प्रवास, मुलांच्या शाळा, एकटीचं घर मोजलेलं नाही. दुसरीत आईला पदवी असून नोकरीची परवानगी नव्हती, हे मोजलेलं नाही. आकडे दोन्हीकडचे खरे आहेत. वीस भाकऱ्या खऱ्या, पहिला पगार खरा. आणि तरी दोन्ही वाक्यांत एक बाई दुसऱ्या बाईला विनाकारण लहान करते. ज्यांनी ही परिस्थिती ठरवली ते तिसरेच असतात, आणि त्यांची चौकट कधी येत नाही.

प्रक्षेपण करणाऱ्यांकडून माझी अपेक्षा फार मोठी नाही. आकड्याखाली एक बारीक ओळ द्या: वर्षं कोणती, सामने किती मिळाले, नियम कोणते होते. बाजारातल्या बिस्किटाच्या पुड्यावरसुद्धा एवढी माहिती असते. आणि ती ओळ नसली तर मैत्रिणींनो, आपण घरात बसून विचारायची. शेजारी नातवंडं, भाचरं बसलेली असतात, ती ऐकतात. परवा एका सामन्यात अशाच चौकटी आल्या तेव्हा माझ्या भाच्यानं टाळीसाठी हात वर केला, माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच म्हणाला, "थांब मामी, विचारू नकोस, डाव किती ते मीच बघतो."